बजाबाईंच्या वडिलांचा चेहरा

आमचे दाजी खोटं बोलत नाहीत. हे मी कौतुकानं सांगतोय असं कुणी समजू नये. ज्याच्या घरात असा माणूस असतो त्यालाच कळतं, की त्याच्यासोबत सोयरिकीच्या बैठकीला जाणं म्हणजे काय असतं. माझ्या लेकीच्या, दानेश्वरीच्या, पहिल्या स्थळाच्या वेळी मुलाच्या मामानं सहज विचारलं, मुलीला कितवं वर्ष? मी पंचवीस म्हणायच्या आत दाजी म्हणाले, "सत्तावीस पूर्ण. श्रावणात अठ्ठावीस होतील." पाहुण्यांनी पोहे तसेच ठेवले आणि पुन्हा फोन केला नाही. मी सहा महिने दाजींशी बोललो नव्हतो. त्यांना बहुतेक ते कळलंही नाही, कारण मुळात तेच कमी बोलतात.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, गौरम्माक्काचे यजमान. नाव विरुपाक्ष, वय बाहत्तर. भुसार बाजारात ते तेहेतीस वर्षं तोलार होते. पोती काट्यावर चढवायची, वजन बघायचं आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, हे तोलाराचं काम. एका बाजूला शेतकरी उभा, दुसऱ्या बाजूला आडत्या, आणि दोघांनीही त्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. एकदा एका आडत्यानं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की तुरीच्या पोत्यामागं अर्धा किलो हात हलका ठेवत जा. दुसऱ्या दिवसापासून दाजी घरी. दीड वर्ष शुक्रवार पेठेतल्या माझ्या वह्या-पेनांच्या दुकानात बसून काढलं त्यांनी, पण त्या काट्याकडे परत गेले नाहीत. पुढं दुसरीकडे काम मिळालं. हात मात्र असा तयार झालेला, की तळहातावर ठेवलेली वस्तू किती ग्रॅमची ते न तोलता सांगायचे. आम्ही पैजा लावायचो आणि हरायचो.

नाण्यांचा नाद सोलापुरात बऱ्याच जणांना आहे. कुणी शिवराई जमवतं, कुणी आदिलशाही, कुणी राणीछाप रुपये. दाजींचा नाद असा, की चारचौघांत सांगायची सोय नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात युरोपातल्या राज्यांनी जी चांदीची स्मारक नाणी काढली ती ते जमवतात. फक्त तीच. एकूण बावीस नाणी आहेत आणि त्यासाठी सदतीस वर्षं गेली आहेत. हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं, पण हौसेला काही ताळमेळ असावा की नको?

सुरुवात अठ्ठ्याऐंशी साली झाली. पेठेतल्या एका रद्दीवाल्यानं जुन्या डब्यात सापडलेलं नाणं दाजींना दाखवलं, चांदीचं आहे का बघा म्हणून. दाजींनी ते तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "पंधरा ग्रॅम. निम्मी चांदी." नाण्यावर शेजारी शेजारी दोन साधू होते, साल १९४१ होतं आणि देशाचं नाव होतं स्लोव्हाकिया. दाजींनी वाचनालयात जाऊन नकाशांचं पुस्तक काढलं. त्यात तो देश नव्हता. ते सगळा युरोप बोटानं चाचपत तीन दिवस वाचनालयात जात राहिले. जो देश नकाशातच नाही त्यानं चांदीचं नाणं पाडलं कसं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला तो बसलाच. इंग्रजी सातवीपर्यंतचं, पण शब्दकोश पुढ्यात घेऊन त्यांनी युद्धाच्या इतिहासाची जाडजूड पुस्तकं वाचून काढली. पुढं त्र्याण्णव साली तो देश नव्यानं नकाशावर आला, ही बातमी पेपरात वाचून दाजी पेढे घेऊन माझ्या दुकानात आले होते. गिऱ्हाईकं विचारत होती, काय झालं, मुलगा झाला का?

प्रत्येक नाणं ते कागदाच्या छोट्या पाकिटात ठेवतात आणि पाकिटावर बारीक अक्षरात लिहितात. वजन, साल, नाणं कशाच्या आनंदात काढलं ते. आणि शेवटची ओळ नेहमी एकाच शब्दानं सुरू होते, 'तेव्हा'. रुमेनियाचं एक नाणं आहे. त्यावर लिहिलंय, 'गेलेला प्रांत परत मिळाला म्हणून. तेव्हा तिथं हजारो लोकांना घरातून काढून पायी हाकलत नेत होते. तीन वर्षांनी प्रांत परत गेला.' अशी बावीस पाकिटं. मी एकदा सगळी वाचली आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. चांदीची नाणी बघायला बसावं आणि मयताच्या घरी जाऊन आल्यासारखं उठावं, असला हा नाद.

मागच्या वर्षी श्रावणात आमच्या ओळखीच्या प्रभु सोनारानं दोन बायकांना दाजींकडे पाठवलं. मी तेव्हा अक्काकडे भाकरी खात बसलो होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. एक म्हातारी होती, नऊवारी नेसलेली, ताठ, ब्याऐंशी-त्र्याऐंशी वर्षांची. नाव बजाबाई. उजनी धरणाच्या काठावरच्या गावातली. तिच्यासोबत तिची नात ऋतुजा, टेंभुर्णीच्या एका शाळेत शिकवते. म्हातारीनं कनवटीची गाठ सोडली, आतून हळदीनं पिवळी झालेली चिंधी काढली, आणि चिंधीतून चांदीचा एक गोल काढून दाजींच्या पुढं धरला.

"ह्यो माझ्या बाचा टाक हाय, अण्णा," ती म्हणाली. "झिजलाय. सोनाराला म्हनलं ह्याच्यावरनं नवा करून दे. त्यो म्हनतो ह्याच्या कडंला बाहेरदेशीची अक्षरं हायती, आदी तुमाला दाखवून या."

टाक म्हणजे देव्हाऱ्यात देवांशेजारी ठेवायचा चांदीचा पत्रा, ज्यावर गेलेल्या पूर्वजाची आकृती उठवलेली असते. घरातलं कुणी लढाईत पडलं तर त्याचा टाक करतातच. पण बजाबाईंच्या हातात होता तो पत्रा नव्हता.

दाजींनी तो तळहातावर घेतला. "साडेसोळा होतं. झिजून सोळाच्या आत आलंय," ते म्हणाले.

मग ऋतुजानं आजीची हकीकत सांगितली. बजाबाईंचे वडील कुंडलिक मराठा पलटणीत होते. बजाबाई पोटात असताना ते निघाले ते परत आलेच नाहीत. पंचेचाळीस साली इटलीत, लढाई संपायला महिना राहिला असताना पडले. फोटो एकही नव्हता. पुढच्या साली शेजारच्या गावचा त्यांचा एक सोबती सुटून आला आणि त्यानं बजाबाईंच्या आईच्या हातावर हे ठेवलं. कुंडलिकच्या खिशात होतं, एवढंच तो म्हणाला. एका बाजूला माणसाचं तोंड. डोक्यावर मुकुट नाही, म्हणजे हा राजा नव्हे. मग कोण? सरकार लढाईत मेलेल्या शिपायाचं तोंड चांदीवर उठवून घरी धाडतं, असं गावात कुणीतरी ठरवलं आणि सगळ्यांना ते पटलं. आईनं चार वर्षांच्या बजाबाईंना मांडीवर घेऊन सांगितलं, "ह्यो बग तुजा बा."

बजाबाईंना भाऊ नव्हता. आई गेल्यावर तेराव्या वर्षी सासरी जाताना त्यांनी तो टाक ओटीत घालून नेला. सासूनं देव्हाऱ्यात ठेवू दिला नाही. माहेरचा पितर सासरच्या देवांत बसत नाही, असा रिवाज. म्हणून चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवला. धरणाचं पाणी आलं, गाव बुडालं, सगळे वर सरकले, तेव्हाही तो कनवटीतच होता. सासरी आल्यापासून आजपर्यंत रोज सकाळी त्याला पाणी घालून, हळद-कुंकू लावून बजाबाई त्याच्याशी दोन शब्द बोलतात आणि मगच चहा घेतात. त्या वर्षी त्यांचा मुलगा आदिनाथ शेतात नवं घर बांधत होता. नवरात्राच्या आधी नव्या देव्हाऱ्यात देव बसणार होते आणि आदिनाथनं आईला शब्द दिला होता, की आजोबांचा टाकही यावेळी देवांच्या ओळीत बसवू.

"साठ-सत्तर वरसं कोनाड्यात बसलाय माझा बा," बजाबाई म्हणाल्या. "आता देवात बसंल. पर त्वांड पार गेलंय बगा. मी हाय तवर नीट करून घिऊ द्या. माझ्यामागं त्यो कसा दिसायचा हे कुनाला ठावं असनार?"

दाजी खाली बघत होते. मग म्हणाले, "मावशी, आठ दिवस द्या. मी तुमच्याकडे येतो. तुम्ही येऊ नका."

त्या गेल्यावर दाजींनी कपाटातून आपलं एक पाकीट काढलं आणि नाणं माझ्या हातावर ठेवलं. तेच नाणं, पण जणू काल पाडलेलं. चेहरा स्पष्ट, भरलेले गाल, हनुवटीखाली मांस, कडेला दोन तारखा. स्लोव्हाकियाचं पन्नासचं नाणं, १९४४. पाकिटावर दाजींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'राज्याला पाच वर्षं झाली म्हणून. चेहरा तिथल्या अध्यक्षाचा. तो धर्मगुरूही होता. तेव्हा, त्याआधी दोन वर्षांत, त्याच्या सरकारनं आपल्याच देशातल्या अठ्ठावन्न हजारांच्या आसपास ज्यूंना आगगाड्यांत भरून हिटलरच्या ताब्यात दिलं होतं. त्यांतले फार थोडे जगले. युद्धानंतर त्याला फाशी दिली.'

त्या राज्याचे सैनिक जर्मनांच्या बाजूनं इटलीत होते, त्यांच्यापैकी कुणाचं तरी हे नाणं कुंडलिकच्या हाती लागलं असणार, असं दाजी म्हणाले. मी ऐकत होतो, पण माझ्या डोळ्यापुढं ती हळदीची चिंधी होती. एक बाई जन्मभर रोज सकाळी त्या माणसाला पाणी घालत आली होती.

आठ दिवस घरात शांतता नव्हती. मी दाजींना स्पष्ट सांगितलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारीचे दिवस किती राहिलेत? सोनाराला म्हणा कर नवा, आणि विषय संपवा. तुम्ही काही बोललाच नाहीत तर ते खोटं बोलणं होत नाही. दाजी म्हणाले, "काट्यावर पोतं असताना गप्प बसलं तर ते वजन सांगितल्यासारखंच असतं, मल्लेश." मला राग आला. मी म्हणालो, हे भुसार नाही, कुणाचा तरी बाप आहे. तेव्हा माझी अक्का, जी कधी त्यांच्या नाण्यांत तोंड घालत नाही, भाकरी थापता थापता कानडीत म्हणाली, "सुम्मन इर्री." गप्प राहा. आणि मग मराठीत म्हणाली, "तिला बाप कदी मिळालाच न्हाय. हे एक त्वांड मिळालं. ते काढून घेऊन तुमी काय देणार हाय तिला?"

चौथ्या दिवशी दाजी जेवताना म्हणाले, "मी सांगितलं नाही तर सोनार ते तोंड नव्यानं कोरणार. ठळक. आणि मग ते अजून शंभर वर्षं देवांच्या ओळीत बसणार. तिच्या नातवंडांची पोरं त्याच्या पाया पडणार. त्या गाडीत घातलेल्या माणसांनी काय म्हणावं?" एवढं बोलून त्यांनी ताट सरकवलं. आठवड्यात ते वाळले. खरं बोलण्याची त्यांना सवय होती, पण खऱ्याची भीती वाटताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

टेंभुर्णीपर्यंत आम्ही एसटीनं गेलो. तिथून आदिनाथ जीप घेऊन न्यायला आला. साठीचा, चांगला माणूस. वाटेत दोन्ही बाजूंना केळी आणि ऊस, पाण्यात अर्ध्यापर्यंत उतरलेल्या पाणी उपसायच्या मोटारी, आणि त्यापलीकडे उजनीचं पाणी काठोकाठ. त्यानं बोट करून सांगितलं, तिथं आमचं जुनं गाव होतं. नव्या घराला रंग द्यायचं काम चालू होतं. देव्हारा संगमरवरी होता आणि अजून रिकामा होता.

मला वाटलं होतं दाजी आडवळणानं सांगतील. त्यांनी बजाबाईंच्या समोर जमिनीवर बसकण मारली, त्यांचं नाणं मागून घेतलं आणि त्यांच्या तळहातावर दोन्ही नाणी शेजारी शेजारी ठेवली. मग हळूहळू, एक एक वाक्य सावकाश उच्चारत, सगळं सांगितलं. हा तुमचा बाप नाही. हा कोण, कुठला, त्यानं काय केलं. गाड्यांचंही सांगितलं. ऋतुजा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

बजाबाई बराच वेळ दोन्ही नाण्यांकडे बघत राहिल्या. एकावर नाक, डोळे, कान, सगळं होतं. दुसऱ्यावर नुसता उंचवटा.

"मानसं गाडीत घातली म्हंजी बायापोरंबी?" त्यांनी विचारलं.

"बायापोरंही."

"मारली?"

"बहुतेक सगळी."

त्यांनी पदराच्या टोकानं आपल्या नाण्यावरचं कुंकू पुसलं. जोरात पुसलं, पुन्हा पुसलं. त्यांच्या तोंडावर राग होता, रडू नव्हतं. "आयनं मला ह्याच्या पाया पडाया लावलं," त्या म्हणाल्या. "तिला तरी काय ठावं. पर मी ह्याला सगळं सांगितलं की वो. धनी गेलं तवा सांगितलं, थोरलं प्वार गेलं तवा सांगितलं. ह्यो ऐकत बसला व्हय माझं?"

मग त्यांनी जे विचारलं त्याची दाजींना आठ दिवस भीती वाटत होती, हे मला तेव्हा कळलं.

"मग माझा बा कसा दिसायचा?"

दाजी म्हणाले, "मला ठाऊक नाही, मावशी. आता ते कुणालाच ठाऊक नाही."

मला त्या क्षणी दाजींचा तिरस्कार वाटला. हे लिहून ठेवतो, कारण तो वाटला होता. एवढं लांब येऊन, एका म्हातारीचा बाप तिच्या हातातून काढून घेऊन, हा माणूस म्हणतो मला ठाऊक नाही.

आदिनाथ म्हणाला, "आई, बरं झालं आदीच कळलं. आता ह्ये देवात न्हाय बसवता यायचं. सोडून दे आता. पान्यात सोडू."

म्हणजे साठ-सत्तर वर्षं ज्याची वाट बघितली तेही गेलं. बजाबाईंनी मुलाकडे पाहिलं नाही. त्या दाजींना म्हणाल्या, "अण्णा, त्वांड खोटं निगालं. पर ह्ये माझ्या बाच्या खिशात व्हतं, ते तरी खरं का?"

धान्यात हात घालून बघावं तसे दाजी विचार करत होते. मग म्हणाले, "ज्यानं आणलं त्याला खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. चांदी होती, त्याला ठेवून घेता आली असती. एवढ्या लांबून आणून त्यानं तुमच्या आईला दिली. त्या राज्याचं सैन्य इटलीत होतं हेही खरं आहे. मी ते खरं धरतो, मावशी. तुमच्या वडिलांचा हात या चांदीला लागलेला आहे."

बजाबाईंनी मान हलवली. मग त्यांची नजर दाजींच्या सदऱ्याकडे गेली. वाकून बसल्यामुळं गळ्यातली चांदीची डबी बाहेर आली होती. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात असते ती, इष्टलिंगाची.

"त्यात तुमचा देव हाय न्हवं?"

"होय."

"त्याचं त्वांड कसं हाय?"

"त्याला तोंड नाही. काळं, गुळगुळीत लिंग आहे. रोज सकाळी तळहातावर घेऊन बघत बसतो."

"त्वांड न्हाय तर बगता काय?"

दाजी गोंधळले. बाहत्तर वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नसावं. "बघतो," ते म्हणाले. "बघत राहिलं की पुरतं."

बजाबाईंनी आपलं नाणं मुठीत धरलं. मग मुलाला म्हणाल्या, "आदिनाथ, ही चांदी आटवायची. ह्याचीच पट्टी करायची, दुसरी चांदी घालायची न्हाय. वर कायबी काढायचं न्हाय, कोरी ठिवायची. मला ज्याचं त्वांड ठावं न्हाय त्याला मी दुसऱ्याचं त्वांड लावनार न्हाय. आनि ती देवात बसंल. न्हायतर मी नव्या घरात पाय ठिवनार न्हाय." आदिनाथनं आईकडे पाहिलं, मग दाजींकडे पाहिलं, आणि बरं म्हणाला.

सोनाराकडे दाजी स्वतः गेले. मीही गेलो. ज्या माणसानं सदतीस वर्षं नाण्याला कधी बोटाचा डाग लागू दिला नाही, तो मुशीत नाणं टाकताना बघायला उभा राहिला. प्रभु म्हणाला, "अण्णा, तुम्ही मागं व्हा, धग लागेल." ते हलले नाहीत. कडेची अक्षरं आधी गेली, मग उरलासुरला उंचवटा सपाट झाला, आणि मग नुसती लाल गोळी राहिली. दाजींच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धगीमुळं आहे असं ते म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता, पण त्यांनी तसं म्हटलं नाही. पट्टी तयार झाल्यावर त्यांनी ती तळहातावर घेतली आणि कापडात गुंडाळली. वजन सांगितलं नाही.

भाद्रपदातल्या अमावास्येला, सर्वपित्रीला, आदिनाथनं आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. दुसऱ्या दिवशी घट बसणार होते. आमच्यात पितृपक्ष करत नाहीत, म्हणून अक्का म्हणाली जाऊ नका, पण दाजी गेलेच. नव्या देव्हाऱ्यात खंडोबा, भवानी, घरचे जुने टाक ओळीनं मांडलेले, आणि शेवटी ती कोरी पट्टी, हळद-कुंकू लावलेली. कुणी पाहुणा विचारत नव्हता आणि घरातलं कुणी सांगत नव्हतं. ऋतुजा मला हळूच म्हणाली, "आजी हल्ली त्याच्याशी बोलत नाही, काका. नुसती समोर बसते." मला ते टोचलं. दाजींनीही ऐकलं असणार.

पंगत जेवायला लागण्याआधी पितरांची पानं वाढली. केळीच्या शेतातलीच पानं. आदिनाथच्या वडिलांचं एक, थोरल्या भावाचं एक, कुंडलिकचं एक. भात, वरण, खीर, वडे, सगळं. तरी बजाबाई आणखी एक पान घेऊन आल्या, स्वतः वाकून ते कुंडलिकच्या पानाशेजारी मांडलं आणि वाढायला लागल्या. सुनेनं विचारलं, "आत्या, ह्ये कुनाचं?"

"त्या गाडीतल्या मानसांचं," बजाबाई म्हणाल्या. "जलमभर मी त्येंच्या वैऱ्याला निवद दावला. त्येंचं कोन हाय मागं? कुनी टाक केला असंल त्येंचा?"

बजाबाईंनी भात वाढला, खीर वाढली, आणि मग हातातलं पातेलं तसंच धरून त्या दाजींकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती, जशी पंगतीला माणसं जास्त आल्यावर घरच्या बाईच्या चेहऱ्यावर दिसते.

"अण्णा, तुमी सांगितलं व्हतं अठ्ठावन हजार. एका पानात भागंल का वो त्येंचं?"

दाजी पाटावर बसले होते. त्यांच्यापुढचं पान वाढून झालेलं होतं, त्यांनी अजून हात लावला नव्हता. ते उठले. दोन्ही हातांनी आपलं पान उचललं, अन्न सांडू न देता चालत गेले, आणि त्या पानाशेजारी ठेवलं. मी माझं उचललं. माझ्यामागून ऋतुजानं उचललं, मग आदिनाथनं. बघता बघता पंगतीतलं एकही पान जागेवर राहिलं नाही. देव्हाऱ्यासमोरची फरशी भरली आणि पानं सोप्यापर्यंत आली. बजाबाई शेवटपर्यंत पातेलं घेऊन उभ्या होत्या, कुठं काही कमी पडलंय का ते बघत. त्या दिवशी आम्ही सगळे दुपारी उशिरा, स्टीलच्या ताटांत, उरलं होतं तेवढं जेवलो.